प्रलंबित शब्दांची नोंदवही

रेणुकादास कंधारकरांनी चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत 'मला माहीत नाही' हे वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. माहीत नसण्याचे प्रसंग आले नाहीत असं नाही. ते रोज जेवणाच्या सुट्टीआधी दोनदा आणि नंतर तीनदा येत. पण हिमायतनगरच्या कचेरीत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं होतं, की अशा वेळी वापरायची वाक्यं वेगळी असतात. 'प्रकरण तपासून घ्यावं लागेल.' 'वरून मार्गदर्शन मागवलंय.' आणि अगदीच गळ्याशी आलं तर, 'बाब जरा नाजूक आहे.' ही तीन वाक्यं त्यांनी आलटून पालटून चौतीस वर्षं वापरली आणि अव्वल कारकून म्हणून मानानं निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेब म्हणाले, "कंधारकरांकडून कुणी कधी रिकाम्या हातानं परत गेलं नाही." ते खरंच होतं. प्रत्येकाला पुढची तारीख मिळालेली असे.

अशा माणसावर लातूरला जाऊन स्वयंपाक करायची पाळी आली.

लातूरला मुलाला डॉक्टर करायला पाठवायचं, तर त्याच्याबरोबर एक आईही पाठवावी लागते. क्लासच्या आसपास एक खोली घ्यायची, आईनं दोन वर्षं तिथं राहायचं, डबा करायचा, पोराला उठवायचं, झोपवायचं आणि सराव परीक्षेच्या दिवशी देवापुढं बसायचं, अशी तिथली रीतच आहे. पण त्यांच्या मुलीची, मालविकाची आई, म्हणजे विशाखाबाई, मुदखेडजवळच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांच्या नोकरीची चार वर्षं बाकी होती. त्या सहज म्हणाल्या, "तुम्ही रिकामेच आहात की." रिकामे हा शब्द रेणुकादासांना फार लागला. त्यांनी नांदेडच्या घराला कुलूप लावलं, कुकर आणि मुलगी घेतली आणि लातूर गाठलं.

विद्यासदन नावाच्या त्या तीन मजली इमारतीत अकरा खोल्या होत्या. दहा खोल्यांत बायका होत्या आणि अकराव्या खोलीत रेणुकादास. पहिल्याच दिवशी त्यांच्या वरणाचा वास जिन्यातून खाली गेला आणि सल्ला देणाऱ्यांची रांग जिन्यातून वर आली. एकीनं डाळ बदलायला सांगितली, दुसरीनं भांडं, तिसरीनं सरळ गॅस बंद करायला सांगितला. देगलूरच्या तनुजाताई, त्यांचा सत्यम मालविकाच्याच वर्गात, झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, वरणाला फोडणी द्यायची असती. तुम्ही तर नोटीस दिल्यासारखं दिसायलंय."

बायका मनापासून हसल्या. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता, दुपारपर्यंत चार घरांतून चार वाट्या आमटी आली. पण ज्या माणसाच्या टेबलासमोर जमीनदार माणसंही घसा खाकरून उभी राहत, त्याला आता भाकरी थापताना दहा जणी दारातून बघत होत्या, आणि भाकरीला कडा किती असतात हे मोजत होत्या.

त्यांची अब्रू परत आणली ती एका इंग्रजी शब्दानं.

झालं असं, की क्लासकडून पालकांच्या मोबाईलवर निरोप आला, सराव परीक्षेचं वेळापत्रक टेन्टेटिव्ह आहे. तनुजाताई पाणी भरताना म्हणाल्या, "काका, हे टेन्टेटिव्ह काय असतंय हो? सत्यमला विचारलं तर म्हणतंय, तुला नाही कळणार."

हे शेवटचं वाक्य त्या हसत म्हणाल्या, पण बाकीच्या बायका हसल्या नाहीत. प्रत्येकीच्या घरात ते वाक्य रोज एकदा तरी उच्चारलं जात होतं.

रेणुकादासांनी बादली खाली ठेवली. चष्मा पुसला. "टेन्टेटिव्ह म्हणजे," ते म्हणाले, "तारीख ठरलेली आहे, पण ती पाळली गेली नाही तर कुणावरही ठपका ठेवता येत नाही."

तनुजाताईंची घागर भरून वाहायला लागली तरी त्यांना कळलं नाही. "म्हणजे आमचे हे घरी कधी येणार सांगतात, तसं," त्या हळूच म्हणाल्या. रेणुकादासांनी मान हलवली. त्या एका क्षणात करपलेलं वरण, सहा कडांची भाकरी, सगळं माफ झालं.

दुसऱ्या दिवशी तीन शब्द आले, तिसऱ्या दिवशी सात. आणि शब्द येऊ लागले म्हटल्यावर त्यांची नोंद व्हायला नको? रेणुकादासांनी जाडजूड नोंदवही आणली आणि रकाने आखले: आवक क्रमांक, दिनांक, शब्द, आणणाऱ्याचं नाव, अर्थ, शेरा. वर नाव घातलं, 'शब्दार्थ कक्ष'. वेळ साडेदहा ते दीड, म्हणजे पोरं क्लासला गेल्यावर. जागा खालच्या पार्किंगमध्ये.

इथं इमारतीचे मालक शेषेराव आडवे आले. पार्किंगमध्ये गाडीशिवाय दुसरं काही ठेवायचं तर लेखी अर्ज पाहिजे, असं त्यांनी ठणकावलं. दुसऱ्या कुणाला राग आला असता. रेणुकादासांचे डोळे पाणावले. कित्येक महिन्यांत त्यांच्याकडं कुणी अर्ज मागितला नव्हता. त्यांनी दोन पानी अर्ज केला, विषय, संदर्भ, सोबत जोडपत्रं. शेषेरावांनी तो चार दिवस उशाखाली ठेवला आणि मग गुपचूप रेणुकादासांकडंच घेऊन आले. "साहेब, ह्याचं आता पुढं काय करायचं असतंय?" रेणुकादासांनी त्यावर टिपणी लिहिली, मान्यतेस हरकत नाही असा शेरा मारला आणि शेषेरावांना सहीची जागा दाखवली. स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं.

शिक्क्याचं मात्र अवघड गेलं. शिक्केवाला म्हणाला, संस्थेच्या छापील कागदावर पत्र आणा. छापखानेवाला म्हणाला, संस्थेचा शिक्का मारलेलं पत्र आणा. रेणुकादास दोघांच्या मध्ये आठ दिवस हिंडले आणि त्यांना एकदाही राग आला नाही. नियमांची ती गाठ इतकी पक्की होती, की ते आदरानं बघतच राहिले. शेवटी दोघांना एका चहाच्या टपरीवर समोरासमोर बसवावं लागलं. शिक्के दोन झाले, एक 'निकाली' आणि एक 'गोपनीय'. गोपनीयची गरज काय, असं तनुजाताईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गरज पडली तर मग धावपळ नको."

"पण मोबाईल सांगतो की सगळे अर्थ," शेषेराव एकदा टेबलाशी येऊन म्हणाले.

"मोबाईलच्या अर्थावर सही असते का?" रेणुकादासांनी विचारलं. "शिक्का असतो? उद्या अर्थ चुकला तर जबाबदार कोण?" आणि सर्वांसमक्ष त्यांनी जाहीर केलं, की मोबाईलवरून काढलेला अर्थ या कक्षात ग्राह्य धरला जाणार नाही. टाळ्या पडल्या. हे वाक्य पुढं आपल्याच गळ्यात पडणार आहे, हे तेव्हा त्यांना दिसलं नाही.

काम मात्र झोकात चाललं. रोज तोंडात असणारे शब्दच बायका आणत, आणि त्यांच्याकडं बघता बघता रेणुकादासांना चकित व्हायला होई. टेन्शन हा शब्द आवक क्रमांक बत्तीसला आला. काळजी म्हणावं तर काळजी रात्री तरी झोपू देते. चिंता म्हणावं तर ती मोठ्या माणसांना होते. ताण म्हणावं तर तो तारेला. दोन दिवस नऊ बायका आणि एक निवृत्त अव्वल कारकून त्या एका शब्दाभोवती बसून होते. शेवटी तनुजाताई म्हणाल्या, "काका, टेन्शनला मराठीत टेन्शनच म्हणतात." रेणुकादासांनी अर्थाच्या रकान्यात 'टेन्शन' लिहिलं आणि निकालीचा शिक्का मारला. कुठून कुठून हे शब्द आले, आणि इथल्या घराघरात भाड्यानं राहून मालक झाले, असं त्यांच्या मनात आलं.

मग विठाबाई आल्या.

विठाबाई तळमजल्यावर नात सृष्टीला घेऊन राहत. निलंग्याच्या बाजूचं शेतकरी घर. सुनेला रान सोडून येता येईना, म्हणून साठी उलटलेली आजीच नातीबरोबर लातूरला आली होती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्या कक्षाकडं कधी फिरकल्या नव्हत्या. त्या दिवशी सगळ्या बायका उठून गेल्यावर त्या आल्या, पदराची गाठ सोडली आणि घडी घातलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली.

चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरं होती. वळणदार, एका ओळीत, टाक न उचलता काढल्यासारखी. थ्रू थिक अँड थिन.

"हे कुणी लिहिलं, आज्जी?"

"म्याच."

"पण तुम्हाला तर..."

"वाचता येत न्हाई. काढता येतंय की. वाकळंवर टाके घालत न्हाई का? तसं बघून बघून काढलं."

रेणुकादास त्या चिठ्ठीकडं बघतच राहिले. त्यांचं स्वतःचं इंग्रजी अक्षर असं होतं, की साहेब त्याला पावसातली पिकं म्हणायचे. आणि ही बाई, जिला पहिलं अक्षर कुठं संपतं हेही ठाऊक नव्हतं, तिनं एक वेलांटी इकडची तिकडं होऊ दिली नव्हती.

विठाबाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "पोरीनं भितीला कागद लावलाय. सारं निळ्या पेनानं लिवलंय, आन मधी मधी लाल रेघ. रोज अभ्यासाला बसायच्या आधी त्याच्याकडं बघती आन गालातल्या गालात हसती. बाजूला केमिस्ट्रीचाबी कागद हाय, त्याच्याकडं बघून न्हाई हसत. तवा म्हणलं, लाल रेघेवरचंच खरं असंल. रोज एक आणून देते. पर सायेब, कुणालाबी दावू नका. माझा ल्योक श्रीमंत म्हणलाय, आई, तुझ्या शब्दावर पोरीला पाठवून राहिलो. काय कमी-जास्त कानावर आलं, तर त्याच दिशी शाळा बंद, आन पैलं येईल ते स्थळ."

रेणुकादासांनी शब्द दिला, आणि त्या गेल्यावर शब्दकोश उघडला. थ्रू सापडला, थिक सापडला, थिन सापडला, अँड तर पाठच होता. चारही शब्दांचे अर्थ त्यांनी ओळीनं मांडले, आणि चौघं मिळून काय म्हणतात ते त्यांना कळेना. ते गमतीनं नाही, खरोखरच थक्क झाले. चार ओळखीची माणसं एका खोलीत गेली आणि दार लावून घेऊन काहीतरी भलतंच बोलू लागली, तसं त्यांना वाटलं.

वर खोलीत जाऊन, कडी लावून त्यांनी मोबाईलवरही बघितलं. मोबाईल म्हणाला, जाड आणि पातळ मधून. हा अर्थ असेल तर कशाचा? दुधाचा? सही करायला त्यांचा हात धजेना. मालविकाला विचारायचं त्यांच्या मनात आलं, पण पोरगी जीवशास्त्राच्या पुस्तकावर गाल ठेवून पाच मिनिटं डोळे मिटून पडली होती, आणि विठाबाईंना दिलेला शब्दही होता. ते पाय न वाजवता मागं फिरले.

दुसऱ्या दिवशी विठाबाई दुसरी चिठ्ठी घेऊन आल्या. टेक आफ्टर. "कालच्याचं काय निघालं, सायेब?"

आता खरं म्हणजे इथं तीनच शब्द बोलायचे होते. रेणुकादासांनी तोंड उघडलं आणि चौतीस वर्षांची सवय बाहेर आली. "प्रकरण तपासून घ्यावं लागेल, आज्जी."

तिसऱ्या चिठ्ठीवर होतं सॉल्ट ऑफ द अर्थ. ते म्हणाले, "वरून मार्गदर्शन मागवलंय." विठाबाईंनी वर बघितलं. वर दुसऱ्या मजल्याची गॅलरी होती.

चौथ्या दिवशी लेट डाऊन आलं. लेट कळलं, डाऊन कळलं, आणि दोघं मिळून त्यांच्या तोंडाकडं बघत बसले. विठाबाई समोर उभ्या होत्या, पदर बोटाला गुंडाळत. रेणुकादासांनी घाम पुसला. "आज्जी, बाब जरा नाजूक आहे," ते म्हणाले, आणि कुणाला दाखवायचं नाही म्हणून चारही चिठ्ठ्या नोंदवहीत चिकटवून, त्यांच्यावर लाल शाईनं गोपनीयचा शिक्का मारला. शिक्का छान उमटला. विठाबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण ते उन्हामुळं असेल असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी विशाखाबाईंचा फोन आला. रेणुकादासांनी नावं न घेता सगळं सांगितलं.

"मग सांगा ना, माहीत नाही म्हणून," विशाखाबाई म्हणाल्या. "माझ्या तिसरीतली पोरं रोज सांगतात."

"तिसरीतली पोरं अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेली नसतात," रेणुकादास म्हणाले आणि भाजी करपत असल्याचं कारण काढून त्यांनी फोन ठेवला. भाजी खरोखरच करपत होती.

पुढचे दोन दिवस विठाबाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी रेणुकादास भाकरीचं पीठ मळत होते, तेव्हा तनुजाताई धापा टाकत वर आल्या.

"काका, विठाआज्जी चालल्या! सामान बांधून, सृष्टीला घेऊन. निलंग्याच्या गाडीनं. लेकाला फोनवर सांगितलं म्हणे, पोरीची तब्येत बरी नाही, आता शिकवणं बास. ती पोरगी रडून राहिली, तिला तर कारणच माहीत नाही."

"आणि कारण काय?"

तनुजाताईंनी त्यांच्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं. "तुम्हालाच ठाऊक. परवा मला विचारल्या, लाल शिक्क्यात काय लिहिलंय. म्हणलं, गोपनीय. म्हणजे दडवून ठेवायचं असतं ते. तर मटकन खालीच बसल्या. म्हणल्या, आमच्या बांधाच्या भांडणात कचेरीतला कारकून असंच म्हणला होता, तपासून घेतो, वर विचारतो, नाजूक हाय आज्जी. सहा महिन्यांनी कळलं, निकाल कधीच विरोधात गेला होता. त्याला ठाऊक होतं, तोंडावर सांगवत नव्हतं. सायेबांनाबी सांगवंना, म्हणल्या. पोरीनं काय लिवलं असंल ते देवालाच ठावं."

रेणुकादास पिठाच्या परातीकडं बघत राहिले. त्या तीन वाक्यांनी आजवर लोक परत गेले होते. परत गेल्यावर त्यांचं घरी काय होत असेल, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आता एक हुशार पोरगी पुस्तकं बांधून गावी चालली होती, पहिलं येईल ते स्थळ बघून तिची बोळवण होणार होती, आणि तिनं गुन्हा काय केला होता हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यात कमी रेणुकादासांना.

त्यांनी नोंदवही काखेत मारली आणि ते निघाले. कमरेला पिठाचं फडकं, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. रिक्षावाल्यानं विचारलं, "लग्नाचं आचारी का?" त्यांनी हो म्हटलं. वाद घालायला वेळ नव्हता.

बसस्थानकावर निलंग्याची गाडी लागलेली होती, कंडक्टर दारात उभा होता. रेणुकादास त्याच्या बगलेखालून आत घुसले. तिसऱ्या बाकावर विठाबाई पुढं बघत ताठ बसल्या होत्या. खिडकीशी सृष्टी, डोळे सुजलेले, मांडीवर पुस्तकांची पिशवी.

"आज्जी, उतरा," रेणुकादास म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या सायेब. तुमी लई सांभाळून घेतलाव. तुमच्यावाणी मानूस न्हाई. पर म्या समजले काय समजायचं ते."

"तसं काही नाही. ती बाब जरा तपासून..." आणि ते थांबले. पुन्हा सुरू केलं, "वरून मार्गदर्..." पुन्हा थांबले. जिभेला तेवढीच वाट ठाऊक होती. कंडक्टर म्हणाला, "काका, बसा नाहीतर उतरा." मागून कुणीतरी म्हणालं, "बोलू द्या की त्यांना." सगळी गाडी त्या पिठानं भरलेल्या माणसाकडं बघत होती. रेणुकादासांनी दांडी घट्ट धरली, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले,

"मला माहीत नाही!"



"आज्जी, मला त्या शब्दांचे अर्थ माहीत नाहीत. एकाचाही नाही. नाजूक-बिजूक काही नव्हतं. मला येत नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटत होती."

विठाबाईंनी त्यांच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "सायेब, सरकारी मानूस असं म्हणत नसतोय. माझं वय गेलं कचेऱ्यांत. तुमी मला धीर द्यायला म्हणून राहिलाव."

रेणुकादास हतबल झाले. जन्मात एकदा खरं बोलले, तर ते धरायला तयार कुणी नाही. "लेखी देतो," ते म्हणाले. लेखी म्हटल्यावर विठाबाई जरा वळल्या. रेणुकादासांनी नोंदवही उघडून चारही क्रमांकांसमोर, अर्थाच्या रकान्यात, पिठाळ हातानं लिहिलं: अर्थ माहीत नाही. खाली सही केली, दिनांक घातला. विठाबाईंनी वही कंडक्टरपुढं धरली. "वाच रं लेकरा, काय लिवलंय खरंच?"

कंडक्टरला प्रवाशांना ऐकू जाईल असं बोलायची सवय होती. "अर्थ माहीत नाही!" त्यानं वाचलं. "अर्थ माहीत नाही! अर्थ माहीत नाही! अर्थ माहीत नाही! खाली सही, रे. कंधारकर, निवृत्त अव्वल कारकून!" मागच्या बाकापर्यंत पोहोचलं. रेणुकादासांच्या कानशिलांना ऊब आली, आणि आश्चर्य म्हणजे, छातीवरचं काहीतरी उतरून गाडीबाहेर गेलं.

"कुठले शब्द?" सृष्टीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. तिनं वही ओढून घेतली आणि चिकटवलेल्या चिठ्ठ्यांकडं बघितलं. बघितलं आणि बघतच राहिली. "आज्जी, हे कुणी लिहिलं?"

"म्या. भितीवरलं बघून."

"हे माझं अक्षर आहे. हुबेहूब माझं." तिनं वही आज्जीपुढं धरली. "तू हे काढलंस?"

तिनं पिशवीतून तो कागद काढला. भिंतीवरून उतरवताना एक कोपरा फाटला होता. "आमचं इंग्रजी कच्चं आहे ना, म्हणून मॅडमनी सांगितलं, हे वाक्प्रचार पाठ होत नसतील तर ज्या माणसाला सगळ्यात चांगलं ओळखता त्याच्यावर वाक्यं करा. मग विसरत नाही. लाल रेघ वाक्प्रचाराला मारायची." ती एकेका ओळीवर बोट ठेवून सांगू लागली, आणि गाडीतल्या माणसांनी माना पुढं काढल्या. "थ्रू थिक अँड थिन. म्हणजे दिवस चांगले असोत की वाईट, साथ सोडायची नाही. माझी आज्जी बरे-वाईट सगळे दिवस माझ्याबरोबर उभी राहते. टेक आफ्टर, म्हणजे एखाद्याच्या वळणावर जाणं. लोक म्हणतात, मी आज्जीच्या वळणावर गेलेय. सॉल्ट ऑफ द अर्थ, म्हणजे साधं, खरं, अस्सल माणूस. माझी आज्जी तशी आहे. आणि लेट डाऊन..." तिनं आज्जीकडं बघितलं. "म्हणजे विश्वास ठेवणाऱ्याला तोंडघशी पाडणं. मी माझ्या आज्जीला कधीच लेट डाऊन करणार नाही."

रेणुकादासांना वाटलं, शब्दकोशात हे असं का देत नाहीत. चार दिवस ते ज्या बंद दाराबाहेर उभे होते, त्याच्या आत ही म्हातारी बसलेली होती, आणि तीच बाहेर येऊन त्यांना विचारत होती, आत कोण आहे.

विठाबाईंनी कागदाचा फाटलेला कोपरा सरळ केला. मग म्हणाल्या, "परत वाच." सृष्टीनं परत वाचलं. "आन ह्यात मी कुठं हाय?"

सृष्टीनं ग्रँडमदर या शब्दावर बोट ठेवलं. चार ओळींत तो चारदा होता.

"त्याला लाल रेघ न्हाई," विठाबाई म्हणाल्या. "म्हणून सोडलं मी." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. पाठीमागच्या बाकावरच्या एका बाईनंही लावला. कंडक्टरनं घड्याळाकडं बघितलं आणि पुन्हा बाहेर बघू लागला.

गाडी सात मिनिटं उशिरा सुटली. विठाबाई, सृष्टी, दोन पिशव्या, एक गाठोडं आणि रेणुकादास खाली उभे होते. विठाबाईंनी तिथूनच लेकाला फोन लावायला सांगितला. "शिरीमंता, पोरीची तब्येत झाली बरी. न्हाई, दवाखान्यात न्हाई नेलं. यष्टीतच झाली."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला शब्दार्थ कक्ष उघडला. बातमी इमारतभर झाली होती. तनुजाताईंसह सगळ्या बायका वेळेआधीच आल्या होत्या, आणि आता काका काय तोंडानं बसतात ते बघायचं होतं. रेणुकादास खाली मान घालून रकाने आखत होते. विठाबाई आल्या. आज सगळ्यांच्या देखत त्यांनी पदराची गाठ सोडली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

एकच शब्द होता, लांबलचक. सुरुवातीच्या अक्षराची वेलांटी त्यांनी जरा ऐटीतच काढली होती.

ग्रँडमदर हा शब्द रेणुकादासांना पाचवीपासून येत होता. त्यांनी नोंदवहीत क्रमांक टाकला, दिनांक टाकला, अर्थाच्या रकान्याशी येऊन पेन थांबवलं आणि चष्म्यावरून वर बघितलं.

"आज्जी, हा शब्द मला माहीत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत असला तर सांगा."

विठाबाईंनी एकवार सगळ्या बायकांकडं पाहिलं. मग चिठ्ठीवर बोट टेकवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हळूहळू नेलं.

"म्या हाय ती," त्या म्हणाल्या.

रेणुकादासांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि शिक्क्यांच्या डबीकडं हात नेला.

"सायेब," विठाबाई घाईनं म्हणाल्या, "त्यो लाल नगं. दुसरा मारा."